तळ्याकाठची चतुष्पत्री

(रानभाज्यांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने धाराशिव येथे बचत गटांच्या सदस्या, शेतकरी आणि शिक्षक यांच्यापुढे वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाने केलेले भाषण.)



येथील टेबलांवर मांडलेल्या भाज्या मी सकाळपासून पाहत आहे. पाथरी आहे, घोळ आहे, तांदुळजा, कुंजीर, तरोटा, केना, आघाडा अशा कितीतरी भाज्या आहेत. प्रत्येक भाजीपुढे तिच्या नावाची पाटी आहे आणि पाटीमागे ती भाजी वर्षानुवर्षे रांधलेली एखादी मावशी बसलेली आहे. हे दृश्य पाहून समाधान वाटते. तथापि मी आज ज्या वनस्पतीविषयी बोलणार आहे, ती या टेबलांवर नाही. पावसाळा संपत आला, पाझर तलावाचे पाणी हळूहळू मागे सरू लागले आणि काठाचा गाळ उघडा पडला, की त्या गाळात ती पसरते. एका देठावर अधिकच्या चिन्हासारखी मांडलेली चार इवलीशी पाने, एवढीच तिची ओळख. आपल्यापैकी अनेकांनी ती पायाखाली तुडवली असेल. तिला शास्त्रात ‘मार्सिलिया’ म्हणतात, हिंदीत चौपतिया, बंगालीत शुषनी आणि संस्कृतात सुनिषण्णक. आपल्या भागात घरोघरी चालणारे तिचे नाव मात्र मला आजवर ऐकावयास मिळालेले नाही. हे नाव नसणे हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे, असे म्हटले तरी चालेल.

फुलाविना वाढणारे कुळ

ही वनस्पती नेच्यांच्या कुळातील आहे. नेचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोकणातील किंवा सह्याद्रीतील ओलीचिंब झाडी उभी राहते. आपल्या अवर्षणप्रवण बालाघाटात नेचे कोठून येणार, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु येडशीजवळच्या रामलिंगाला श्रावणात गेलात, तर खडकांच्या ओलसर कपारींतून नेच्यांची झालरदार पाने डोकावताना दिसतील. पाऊस संपला की ती वाळून जातात. मार्सिलियाचे पान तसे झालरदार नसते. म्हणून पाहणाऱ्याला हा नेचा आहे हे पटत नाही. तो आंबुशीचा किंवा घासाचा एखादा भाऊबंद असावा असे वाटते. त्याचे अगदी कोवळे पान मात्र निरखून पाहावे. घड्याळाच्या कमानीसारखे ते स्वतःभोवती गुंडाळलेले असते आणि वाढता वाढता उलगडते. नेच्याच्या कुळाची ही खूण आहे.

या कुळाला फूल येत नाही, फळ येत नाही, बीही धरत नाही. बीजाणूंवर त्याची वंशवृद्धी चालते. मार्सिलियाने हे बीजाणू ठेवण्यासाठी एक विलक्षण डबी तयार केली आहे. देठाच्या बुडाशी घेवड्याच्या दाण्यासारखी, काळपट आणि अतिशय कठीण अशी ही डबी असते. तळे आटते, गाळाला भेगा पडतात, वरचे पान जळून जाते, पण ही डबी मातीत तशीच राहते. तिच्यातील जीव अनेक दशके टिकू शकतो.

मी महाविद्यालयात शिकवीत असताना दर वर्षी एक प्रयोग करीत असे. वर्षानुवर्षे बाटलीत कोरड्या राहिलेल्या डबीचे टोक कानशीने थोडे घासावयाचे आणि ती काचेच्या ताटलीत पाण्यात ठेवावयाची. थोड्याच वेळात कवच उकलते आणि आतून चिकट, पारदर्शक असा एक दोरा अळीसारखा बाहेर सरकू लागतो. त्या दोऱ्यावर बीजाणूंच्या पुड्या ओळीने लागलेल्या असतात. मागील बाकावरची मुलेसुद्धा त्या दिवशी उठून पुढे येत. दुष्काळाला तोंड कसे द्यावे हे या वनस्पतीला ठाऊक आहे, एवढेच वाक्य मी तेव्हा बोलत असे. आपल्या जिल्ह्यातील मुलांना त्याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज पडत नसे.

ग्रंथांतील नोंद

सुनिषण्णक ही भाजी म्हणून आपल्या देशात नवी नाही. चरकसंहितेत शाकवर्गात तिचा उल्लेख आहे आणि मूळव्याधीच्या चिकित्सेत सुनिषण्णक व चांगेरी यांपासून सिद्ध केलेले तूप सांगितले आहे. चांगेरी म्हणजे आपली आंबट पानांची आंबुशी. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तर ही वनस्पती ओळखावी कशी हे सांगितले आहे. पाने चांगेरीसारखी, पण चार दलांची. वाढण्याची जागा पाणथळ. आणि म्हणूनच दुसरे नाव चतुष्पत्री. पाहा, एका वनस्पतीची नेमकी ओळख पटविण्यासाठी लागणारे सारे यात आले. कशासारखी दिसते, तिच्याहून वेगळी कोठे आणि सापडते कोठे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मोजक्या शब्दांत दिली आहेत. आंबुशीला तीन दले असतात, हिला चार असतात. आंबुशी चावली की आंबट लागते आणि तिला पिवळे फूल येते, हिला फूलच नाही. ‘स्वस्तिक’ हे हिचे आणखी एक नाव याच चार दलांवरून पडले असावे.

सुनिषण्णक या शब्दाचा अर्थ नीट, सुखाने बसलेला असा होतो. सायंकाळी या वनस्पतीची दले मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. नाव ठेवणाऱ्याने तिन्हीसांजेला तळ्याकाठी बसून ते पाहिले असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. बंगालमध्ये शुषनी शाक आवडीने खाल्ले जाते आणि त्याने झोप चांगली लागते अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. मी वैद्य नाही. त्यामुळे ही श्रद्धा मी औषध म्हणून आपणांस सांगत नाही.

नेच्यांच्या कुळातील इतर भाज्याही आशियात मोठ्या प्रमाणावर खाल्ल्या जातात. आसामात ढेकिया, हिमाचल आणि उत्तराखंडात लिंगुडा, फिलिपाईन्समध्ये पाको या नावांनी नेच्यांचे कोवळे, गुंडाळलेले कोंब बाजारात जुड्या बांधून येतात. परंतु या साऱ्या भाज्यांना वाहते पाणी, सावली आणि भरपूर पाऊस लागतो. आपल्या मातीशी जमवून घेणारी, पाणी असेल तेव्हा वाढणारी आणि नसेल तेव्हा वाट पाहणारी अशी त्या कुळातली भाजी म्हणजे ही चतुष्पत्रीच.

वनस्पती होती, ज्ञान नव्हते

आता मी आपणांस थोडे दूर, ऑस्ट्रेलियात घेऊन जाणार आहे. कारण या वनस्पतीच्या इतिहासातील सर्वांत मोठा धडा तेथे आहे. १८६० साली रॉबर्ट ओहारा बर्क या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली एक मोहीम मेलबर्नहून निघाली. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडणे हा तिचा उद्देश होता. उंट होते, गाड्या होत्या, अन्नाचा मुबलक साठा होता. बर्क, विल्यम विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे हे चौघे उत्तरेच्या समुद्राजवळ पोहोचलेही. परतीच्या वाटेवर ग्रे दगावला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ रोजी कूपर क्रीक या ओढ्यावरील आपल्या तळावर आले, तेव्हा तेथील माणसे त्याच दिवशी सकाळी तळ हलवून निघून गेलेली होती.

त्या प्रदेशात यान्द्रुवान्धा या नावाचे मूळ निवासी राहतात. मार्सिलियाचीच एक जात तेथे उगवते. तिला नार्डू म्हणतात. तिच्या त्या कठीण डब्या गोळा करून, भाजून, दळून, पाण्यात कालवून ते लोक खात. अन्न संपत आलेल्या या तिघांनी तो पदार्थ पाहिला, वनस्पती ओळखली, तिच्या डब्या गोळा केल्या आणि त्यांचे पीठ करून खाण्यास आरंभ केला. पोटात अन्न जात असूनही अंगातील बळ मात्र दिवसेंदिवस ओसरत गेले. विल्सने आपल्या दैनंदिनीत तसे लिहून ठेवले आहे. जूनच्या अखेरीच्या सुमारास विल्स आणि बर्क दोघेही मरण पावले. किंग यान्द्रुवान्धा लोकांच्या आश्रयाला गेला, त्यांनी त्याला सांभाळले आणि सप्टेंबरात शोधपथकाला तो जिवंत सापडला.

या मृत्यूंचे एक स्पष्टीकरण १९९४ साली पुढे आले. नार्डूत थायामिनेज नावाचे द्रव्य असते. ते ब जीवनसत्त्वाच्या गटातील थायामिन, म्हणजे ब-१, नष्ट करते. त्या जीवनसत्त्वाच्या अभावी बेरीबेरी हा रोग होतो, हातापायांतील शक्ती जाते आणि माणूस मरू शकतो. मूळ निवाशांच्या पद्धतीत या द्रव्याचा उपद्रव टळत होता. या प्रवाशांनी वनस्पती तेवढी घेतली, पद्धत घेतली नाही, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे. भुकेने व्याकुळ झालेल्या त्या माणसांना दोष देण्याचे कारण नाही. पण एकाच ओढ्याच्या काठी, एकाच वनस्पतीवर काही माणसे पिढ्यान् पिढ्या जगत आली आणि काही माणसे काही आठवड्यांत मेली, ही गोष्ट रानभाज्यांविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवली पाहिजे.

एका मावशीचे उत्तर

आता आपण आपल्या जिल्ह्यात परत येऊ. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आज वयोवृद्ध झाली आहेत. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो या गोष्टी त्यांच्याकडून आपण ऐकल्या असतील. त्या काळात दुष्काळी कामांतून अनेक गावांत पाझर तलाव झाले. काही वर्षांपूर्वी अशाच एका तलावाच्या काठी मला एक मावशी भेटल्या. त्या तलावाच्या बांधावर त्यांनी स्वतः मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. दुपारच्या सुटीत बायका ओढ्याच्या ओलसर जागी जे काही हिरवे मिळेल ते खुडून पदरात घेत आणि रात्री त्याचीच भाजी होई, असे त्या सांगत होत्या. पाथरी, तांदुळजा, घोळ ही नावे त्यांनी घडाघडा घेतली.

मी गाळातली चतुष्पत्री उपटून त्यांच्यापुढे धरली आणि विचारले, “मावशी, ही खात होता का?”

त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. म्हणाल्या, “हे तवाबी डबक्याकाठी असायचं. पण हात नाही लावला बघा. ज्याचं नाव ठाऊक नाही ते लेकरांच्या ताटात कसं वाढावं?”

मी त्या वेळी मनात थोडा खट्टू झालो. खाण्याजोगी भाजी समोर असताना माणसे उपाशी राहिली, याची हळहळ वाटली. परंतु पुढे बर्क आणि विल्स यांची हकिकत वाचली तेव्हा मावशींच्या उत्तराचे मोल मला कळले. त्यांचे उत्तर अज्ञानातून आलेले नव्हते. नाव म्हणजे आधीच्या कोणीतरी ती वनस्पती खाल्ल्याचा, पचल्याचा आणि ती कशी करावी हे ठाऊक असल्याचा दाखला असतो. दाखला नसेल तर भुकेतही हात आवरावयाचा, हा नियम त्यांनी पाळला. शास्त्रज्ञही याहून वेगळा सल्ला देणार नाही.

प्रश्न असा की, ज्या भाज्यांचे दाखले त्या मावशींच्या पिढीजवळ होते, ते पुढच्या पिढीजवळ आहेत काय?

नावे कशी जातात

पूर्वी आपल्याकडे ज्वारी, तूर, मूग, उडीद, अंबाडी अशी मिश्र पिके असत. खुरपणीला गेलेली बाई परतताना ओटीत कुंजीर, तांदुळजा, पाथरी घेऊन येत असे. मुलगी तिच्याबरोबर असे. कोणते पान घ्यावयाचे आणि कोणते सोडावयाचे हे तिला शाळेत न जाता कळे. पाथरीचा घोळाणा, घोळाची पातळ भाजी, वेळ अमावस्येला शेतात होणारी भज्जी, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय आलेल्या भाज्या, या साऱ्यांतून वर्षभर ती उजळणी होत असे. आज आपल्या जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचे क्षेत्र फार मोठे आहे. शेतकऱ्याला त्यातून रोख पैसा मिळतो आणि मजुरांच्या टंचाईत तणनाशकाची फवारणी त्याला सोयीची पडते. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. परंतु फवारणी झालेल्या रानात खुरपणी होत नाही. खुरपणी नाही म्हणजे ओटी नाही, आणि ओटी नाही म्हणजे मुलीचा तो वर्गही भरत नाही. कुंजीर बांधावर कोठेतरी उगवत राहील. पण तिला कुंजीर म्हणणारे कोणी उरले नाही, तर तिची गतही चतुष्पत्रीसारखीच होईल. ती पायाखाली असेल आणि कोणाच्या ताटात नसेल.

या जिल्ह्यातील वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. १९८२ साली ते वेगळे झाले. असे ग्रंथ वनस्पतीची शास्त्रीय ओळख पक्की करतात. ती भाजी निवडावी कशी, किती वेळ शिजवावी, कोणी खाऊ नये, हे सांगणारा ग्रंथ मात्र स्वयंपाकघरात असतो आणि तो कागदावर नसतो.

करावयाचे काय?

याला एक मार्ग कायद्यानेच दिलेला आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ही नोंदवही शेजारच्या गावाची नक्कल करून भरता येते आणि गावातील वृद्धांना विचारूनही भरता येते. दोन्ही वह्या कपाटात सारख्याच दिसतात. उपयोग मात्र दुसरीचाच होतो. माझी विनंती आहे की बचत गटांनी आणि शिक्षकांनी मिळून रानभाज्यांची पाने स्वतः भरावीत. प्रत्येक भाजीसाठी पुढील पाच गोष्टी लिहाव्यात : गावातील नाव, सापडण्याची जागा व महिना, कोणता भाग घ्यावयाचा, कृती, आणि तिच्यासारखी दिसणारी पण न खाण्याजोगी वनस्पती कोणती. वाळवलेली एक फांदी कागदावर चिकटवून जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडून शास्त्रीय नाव तपासून घ्यावे. सांगणाऱ्या आजीचे नाव तिच्या संमतीने अवश्य लिहावे. ज्ञान तिचे आहे.

आणि चतुष्पत्रीचे काय? मी सांगितले म्हणून उद्या सकाळी तळ्यावर जाऊन ती कोणी खुडू नये. प्रथम ती एखाद्या जाणकाराकडून ओळखून घ्यावी. गावाचे सांडपाणी जेथे मिसळते किंवा फवारणीचे पाणी जेथे उतरते, तेथील तर मुळीच घेऊ नये. गाळात वाढणारी वनस्पती गाळातील दोषही शोषून घेते. स्वच्छ जागेतील कोवळी पाने आणि देठाचे वरचे टोकच घ्यावे, चार-पाच पाण्यांतून चिखल जाईपर्यंत धुवावे, कच्चे कधी खाऊ नये. आधी चांगले उकडावे, ते पाणी टाकून द्यावे आणि मग लसूण-मिरचीच्या फोडणीत मुगाच्या डाळीबरोबर पूर्ण शिजवावे. प्रथम थोडीच खावी आणि रोजची भाजी करू नये. तिच्या त्या कठीण डब्यांच्या वाटेला तर आपण जाऊच नये. ती विद्या यान्द्रुवान्धांची, आपली नाही.

या रीतीने दहा घरांनी ती केली, कोणी ‘चौपानी’ म्हणाले, कोणी ‘तळ्याची भाजी’ म्हणाले, तरी एक दिवस तिला आपल्याकडेही नाव मिळेल. मग पुढच्या एखाद्या वर्षी अशाच प्रदर्शनात एखादी मावशी तिच्या पाटीमागे बसलेली असेल आणि ती कशी निवडावी, किती शिजवावी हे मला सांगेल. ते ऐकावयास मी आनंदाने येईन.